पांढऱ्या झाकणाची बाटली

२ जून

दादा,

तीर्थरूप लिहायला घेतलं आणि पेन अडलं. अकरा वर्षांनी पत्र पाठवणाऱ्या बहिणीने एकदम साष्टांग नमस्कार घातला, तर तू म्हणशील, नकटीला काहीतरी हवंय. हवंय खरं. पण ते नंतर सांगते.

तुझा पत्ता छकुलीकडून काढून घेतला. तिच्यावर डाफरू नकोस. लेक तुझीच आहे, सहजासहजी काही सांगत नाही, मला चार वेळा फोन करावा लागला. तुम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावर राहता, लिफ्ट बहुतेक बंदच असते, वहिनींचे गुडघे दुखतात आणि तू एका गोदामाच्या फाटकावर बसतोस, एवढं तिने सांगितलं. पहाटे दुधाचे चाळीस कॅन एकट्याने उतरवून घेणारा माणूस फाटकावर बसून लोकांची नावं लिहून घेतो, हे काही माझ्या डोळ्यांसमोर येईना.

मी अजून तिथेच आहे. शहरात येणारं दूध पिण्यालायक आहे की नाही ते बघायचं, एवढंच काम. तीच लांबट खोली, तेच पांढऱ्या फरशीचे ओटे, तोच आंबूस वास. नोकरी लागली तेव्हा तू म्हणाला होतास, ‘नकटे, नाकाच्या नोकरीवर तुला कोणी घेतलं?’ कारण आमच्याकडे कॅन उघडला की पहिली तपासणी नाकाने होते, बाकीची यंत्रं मागाहून येतात. तुझा तो विनोद मी इथे सगळ्यांना सांगितलाय. तू सांगितलेला आहे, हे मात्र सांगत नाही.

येत्या ३१ जुलैला निवृत्त होते. साहेब सत्कार करणार आहेत. माझ्या खुर्चीमागे भिंतीवर वर्तमानपत्राचं एक कात्रण चौकटीत लावलंय, ते त्या दिवशी वाचून दाखवायचं ठरलंय. कुठलं ते तुला सांगायला नको. ‘बहिणीने भावालाही सोडलं नाही.’

मागच्या आठवड्यात पाच नवीन मुली शिकायला आल्या. दरवर्षीप्रमाणे मी त्यांना ती गोष्ट सांगितली. नमुन्यावर नाव नसतं, फक्त नंबर असतो. नळीत दूध, त्याखाली हळूच सोडलेलं आम्ल, आणि दोघांच्या मधे जांभळी कडी दिसली. म्हणजे दुधात फॉर्मॅलिन, दूध फाटू नये म्हणून घालतात ते विष. नंबरांच्या यादीचं पाकीट फोडलं तर नाव माझ्या सख्ख्या भावाच्या डेअरीचं. साहेब म्हणाले, दुसऱ्या कोणाची सही घेऊ या. मी म्हटलं, नाही, सही मीच करणार. इथे मी थोडं थांबते. मुली दर वेळी वहीतून मान वर करतात.

या वेळी एक काडीसारखी मुलगी म्हणाली, ‘मॅडम, दुसरी बाटली होती ना? मग त्यांनी अपील का नाही केलं?’

प्रत्येक दुकानातून दोन बाटल्या घेतात, हे तुला माहीत आहे. एक आम्ही तपासतो, दुसरी गोठवून ठेवतो. दुकानदाराने तीस दिवसांत अपील केलं तर ती मोठ्या प्रयोगशाळेत जाते. मी तिला म्हटलं, ‘अपराधी माणूस अपील करत नाही.’ म्हटलं खरं, पण दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. म्हणून मी जुन्या वह्या काढल्या.

त्यात मला असं आढळलं, की त्या आठवड्यात बाटल्यांचा काहीतरी घोळ झालेला असावा. आमच्याकडे दोन तऱ्हेच्या बाटल्या असतात. पांढऱ्या झाकणाची बाटली कोरडी, ती भेसळ तपासण्यासाठी. लाल झाकणाची फॅट मोजण्यासाठी. तिच्यात एका संकलन केंद्राचं दूध आठवडाभर रोज थोडं थोडं साठवायचं असतं. ते नासू नये म्हणून तिच्या तळाशी आम्हीच आधी फॉर्मॅलिनचे थेंब टाकून ठेवतो. हो, तेच. तर अशा एका थेंबवाल्या बाटलीला चुकून पांढरं झाकण लावलं गेलं असावं आणि नमुने घेणाऱ्यांनी ती तुझ्या दुकानात नेली असावी. तसं झालं असेल तर तुझ्या दुधात काही नव्हतं.

आता हे कळल्यावर तुला न सांगणं बरं नाही, म्हणून लिहिलं. तुझं मत कळव. वहिनींना नमस्कार सांग, त्यांना चालणार असेल तर.

नकटी


१० जून

दादा,

तुझं उत्तर आलं नाही, ते एका परीने बरं झालं. मागचं पत्र पेटीत टाकून परत येताना मला माझीच शिसारी आली. ‘लावलं गेलं असावं.’ ‘आढळलं.’ पंचवीस वर्षं रिपोर्ट लिहून लिहून मी अशी वाक्यं झोपेतही लिहू शकते. कोणी काही केलेलंच नसतं, सगळं आपोआप होतं.

झाकण मी लावलं. नवीन मुलीने नाही, बाटल्या धुणाऱ्या मावशींनी नाही, मी. संध्याकाळी निघायच्या घाईत होते. बारा केंद्रांच्या बारा बाटल्या मांडल्या, थेंब टाकले, आणि लाल झाकणं अकराच निघाली. कोठीची किल्ली घेऊन शिपाई घरी गेलेला. बाराव्या बाटलीला पांढरं झाकण लावलं आणि म्हटलं, सकाळी मीच येणार आहे, बदलेन. साधी कागदाची पट्टीसुद्धा चिकटवली नाही. दोन मिनिटांचं काम होतं.

दुसऱ्याच पहाटे शहरातल्या डेअऱ्यांवर अचानक छापे घालायचा हुकूम आला. नमुने घेणारे साडेचारला आले, ओट्यावरच्या पांढऱ्या झाकणांच्या बाटल्या उचलल्या आणि गेले. थेंब पाण्यासारखे दिसतात, तळाशी असतात, घाईत कोणाला दिसणार? सकाळी मी आले तेव्हा लाल बाटल्या अकरा होत्या. बारावी आठवलीच नाही. छाप्याच्या गडबडीत होते, असं म्हणून मी कित्येक वर्षं स्वतःची समजूत घातली.

आता दुसरं. जुन्या वह्या काढल्या आणि कळलं, हे खोटं. वह्या काढायची मला गरजच नव्हती. रिपोर्टवर सही केल्याच्या तिसऱ्या दिवशी बाराव्या केंद्राचा माणूस विचारायला आला, ‘बाई, आमची बाटली कुठे आहे? दोन दिवस दूध टाकायला मिळालं नाही.’ मी ओट्यापाशी उभी होते. हात ओले होते. तिथल्या तिथे सगळं कळलं. त्याला म्हटलं, फुटली. नवीन दिली आणि लाल झाकण लावून दिली.

तू आलास तो चौथा दिवस होता.

आठवतंय ना? तू आलास, खांद्यावर कॅन, शर्ट घामाने चिकटलेला. माझ्या टेबलावर कॅन ठेवलास आणि म्हणालास, ‘हे तपास. तुझ्या हाताने तपास.’ मी म्हटलं, ‘बाहेरून आणलेला नमुना नियमात बसत नाही.’ तू तिथलाच काचेचा पेला घेतलास, बुडवलास आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायलास. मिशीला दूध लागलं होतं. कोणीतरी मागे हसलं. तू माझ्याकडे बघत होतास, आणि मी वहीत काहीतरी लिहीत बसले. काय लिहिलं ते सांगू? तारीख. चार वेळा एकाखाली एक तारीख लिहिली.

कात्रण पाचव्या दिवशी छापून आलं.

मी काय विचार केला तेही सांगते. मला वाटलं, तू अपील करशीलच. तू सोडणारा माणूस नाहीस. दुसरी बाटली जाईल, तिच्यात काही निघणार नाही, तू सुटशील, आणि पहिलीत कसं निघालं हे कोणी खोलात जाऊन विचारणार नाही. तू सुटावंस आणि मलाही कोणी पकडू नये. रोज टपाल आलं की मी आधी अपिलाच्या अर्जांचा गठ्ठा बघायची. तीस दिवस गेले. अर्ज आला नाही. आणि मला राग आला, दादा. तुझा! मनात म्हटलं, का नाही करत अपील? म्हणजे खरंच घालत असेल. मी ते धरून बसले. त्यावर अकरा वर्षं काढली.

का नाही केलंस? एवढंच सांग. मग मला काय म्हणायचं ते म्हण.

नकटी


२४ जून

दादा,

तुझं पत्र परवा मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, ओळी खाली उतरत जाणारे. आतला मजकूर मला पाठ झालाय, तरी इथे उतरवते, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल.

‘तुझी दोन्ही पत्रं मिळाली. मला बरं वाटावं म्हणून तू हे रचते आहेस, त्याची गरज नाही. तुझा रिपोर्ट बरोबर होता. तुझ्या वहिनीने पाचव्या दिवशी माझ्याजवळ कबूल केलं. दूध लवकर फाटायचं म्हणून तिनेच घातलं होतं. कुठून आणलं ते मी विचारलं नाही. अपील करून काय उपयोग होता? बाहेर कोणाला बोललो नाही, छकुलीलाही नाही. तेव्हापासून घरातलं दूध मीच तापवतो. तू तुझं काम केलंस. आता उकरू नकोस. तब्येतीला जप.’

ऑफिसात पाकीट फोडलं होतं. बाटल्या धुण्याच्या खोलीत जाऊन नळ सोडला आणि रडले. मावशी बाहेरून म्हणाल्या, ‘बाई, पाणी जातंय.’ तब्येतीला जप म्हणतोस मला! शिव्या घातल्या असत्यास तर निदान नीट उभी तरी राहिले असते.

वहिनींनी काही घातलं नव्हतं. दादा, हे वाक्य पुन्हा वाच. त्या असं का म्हणाल्या ते मला माहीत नाही, पण जे घडलंच नाही ते त्यांनी कबूल केलं.

तुला पटणार नाही. तुला वाटतं मी रचतेय. तेव्हा जे कोणालाच सांगायचं नाही असं ठरवलं होतं, तेही आता सांगते. मागच्या पत्रात मी लिहिलं की मला वाटलं, तू खरंच घालत असशील. तेही खोटं होतं. मला वाटायला जागाच नव्हती.

तुझी दुसरी बाटली. मुदत संपली की ती नष्ट करायची असते आणि वहीत सही करायची असते. ते काम माझंच. चौतिसाव्या दिवशी, दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी ती फ्रीजरमधून काढली. कोमट पाण्यात धरली. सील फोडलं. नळीत दूध घेतलं, आम्ल सोडलं. कडी आली नाही. चांगल्या दुधाला येते तशी नुसती मळकट रेघ आली. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा आम्लाची नवी बाटली फोडली. जांभळं काही दिसलं नाही. इतकं स्वच्छ दूध आमच्याकडे महिन्यातून एखाददुसरं येतं.

मग मी ते बेसिनमध्ये ओतलं, बाटली धुतली आणि वहीत लिहिलं, ‘मुदतीनंतर नष्ट.’ जेवणाच्या सुट्टीतली पंधरा मिनिटं शिल्लक होती, मी डबा खाल्ला.

का केलं, विचारशील. बढतीची फाईल वर गेली होती, पण नुसतं तेवढंच असतं तर मी मला माफ केलं असतं. लोक मला पाहून उठून उभे राहायला लागले होते, दादा. दूधवाले, इन्स्पेक्टर, साहेबसुद्धा. जन्मभर ‘ती नाकावाली बाई’ होते, आणि एकदम ‘भावालाही न सोडणारी’ झाले. मला ते आवडलं. फार आवडलं. ते परत द्यायचं माझ्या जिवावर आलं आणि त्यासाठी मी तुला दिलं. वहिनींनाही दिलं, हे मला आता कळतंय.

आज सकाळी साहेबांकडे लेखी जबाब घेऊन गेले. सगळा, झाकणापासून बेसिनपर्यंत. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला. ‘मॅडम, पाच आठवडे राहिलेत. कोण विचारतंय आता? चौकशी लागली तर तुमचं पेन्शन अडकेल, ऑफिसची लाज जाईल ती वेगळीच.’ मी म्हटलं, ‘मीच विचारतेय.’ ते म्हणाले, ‘मी हे घेतलेलं नाही.’ मग मी खाली आवक खिडकीवर गेले आणि त्याच्यावर शिक्का मारून घेतला. तिथली मुलगी मजकूर वाचत नाही, ठाप ठाप शिक्के मारते. आता तो कागद कोणालाही गिळता येणार नाही.

हे पत्र वहिनींना दाखव. मी हात जोडते.

नकटी


५ जुलै

वहिनी,

तुम्ही फोन ठेवलात आणि मी मघापासून रिसीव्हरकडे बघत बसले आहे. अकरा वर्षांनी ‘वन्सं’ म्हणून हाक मारलीत. मला ती कमावता आलेली नाही, पण तुम्ही मारलीत.

दादाने माझं तिसरं पाकीट फोडलंच नाही, घड्याळामागे ठेवून दिलं, हे तुमच्याकडून कळलं. तुम्ही ते फोडून वाचलंत, फार बरं केलंत.

तुम्ही सांगितलंत ते सगळं मला नीट ऐकू आलं. पहाटेचे कॅन छकुली भरायची, म्हणून दादाचा संशय तिच्यावर गेला. पोरगी तीन दिवस जेवली नाही. तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘तिला सोडा, मीच घातलं.’ तुम्हाला वाटलं, रागावतील, आदळआपट करतील, चार दिवसांत निवळेल. दादा रागावला असता तर निवळलंही असतं. तो रागावला नाही. उठला आणि दुधाचं पातेलं तुमच्या हातातून काढून घेतलं.

तुमची पुढची गोष्ट मात्र मला सहन झाली नाही. तुम्ही विचारलंत, ‘वन्सं, नक्की ना? कारण इतकी वर्षं झाली, आता माझं मलाच वाटतं, घातलं असेल. कॅन धुताना काही राहिलं असेल. मी रोज आठवून बघते. कधीकधी तर बाटली हातात धरलेलीही आठवते.’

वहिनी, ती बाटली माझ्या हातात होती.

‘तोंडी नको, लिहून द्या, तोंडी सांगितलेलं यांना पटत नाही आणि आता मलाही पटत नाही,’ असं म्हणालात. म्हणून लिहून देते. आयुष्यात हजारो रिपोर्ट लिहिले, हा एक अकरा वर्षं उशिरा लिहितेय. तुमच्या डेअरीच्या दुधात फॉर्मॅलिन नव्हतं. कॅनमध्ये नव्हतं, मापात नव्हतं, धुण्याच्या पाण्यात नव्हतं. दुसरी बाटली मी तीन वेळा तपासली आणि तीन वेळा दूध शुद्ध निघालं. फॉर्मॅलिन माझ्या ओट्यावर होतं आणि बाटलीत मी टाकलं होतं. तुम्ही काही घातलं नाही. तुम्हाला आठवतं ते घडलेलं नाही. छकुलीनेही काही केलं नाही, दादानेही नाही. सोबत आवक शिक्क्याची जबाबाची प्रत जोडली आहे. काल चौकशीची नोटीस आली, तीही जोडली आहे, म्हणजे दादाला हे रचलेलं वाटायला नको. स्वतःवर कोणी उगाच चौकशी लावून घेणार नाही, एवढं तर तो मानेल.

सत्कार रद्द झाला. साहेब मला दिसले की दुसऱ्या जिन्याने जातात. मुलींना मी खरं काय ते सांगितलं. ती काडीसारखी मुलगी म्हणाली, ‘मग मॅडम, त्यांना कळवलंत?’ या पोरीला एक दिवस मोठी प्रयोगशाळा मिळणार, किंवा नोकरीच टिकणार नाही.

तुमची माफी मागायला मी येणार आहे. बोलावलंत तरच. नाही बोलावलंत तरी ते बरोबरच आहे. दारातून परत पाठवलंत तर तीन जिने उतरून जाईन, माझे गुडघे अजून चांगले आहेत.

आता एक ऐका. हे पत्र घड्याळामागे जाऊ देऊ नका. दादाला वाचूनही दाखवू नका, तो मधेच ‘असू दे’ म्हणून थांबवेल आणि तुम्ही थांबाल. त्याच्या हातात द्या. त्याच्या समोर खुर्ची ओढून बसा. त्याने शेवटपर्यंत वाचून मान वर करेपर्यंत उठू नका, वहिनी. दूध उतू गेलं तरी उठू नका.